किल्ला, पूल आणि हाउप्टश्ट्रासं झाल्यावर हायडेलबर्गमध्ये काय पाहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी जर्मनीत हायडेलबर्गजवळच्या वाल्डॉर्फला, पुण्याहून आई-बाबा येताहेत, हाताशी चार दिवस आहेत. किल्ला, जुना पूल आणि हाउप्टश्ट्रासं हा मुख्य रस्ता, हे तुम्ही मित्रांसोबत पाहिलेलं आहे आणि "सगळे जातात तिथेच नको" असं बाबांनी आधीच सांगून ठेवलंय. आईचे गुडघे दुखतात. मी अनेक वर्षं इथे राहते आणि आपल्याकडच्या पाहुण्यांना हे शहर दाखवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा पहिला सल्ला एकच आहे: नेकार नदी ओलांडा.

आपण ज्याला हायडेलबर्गचा जुना भाग म्हणतो, तो वयाने तितका जुना नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजांनी हे शहर १६८९ मध्ये जाळलं, १६९३ मध्ये पुन्हा जाळलं. आज हाउप्टश्ट्रासंवर दिसणारी बहुतेक घरं त्यानंतरची, म्हणजे अठराव्या शतकातली आहेत. १५९२ चं 'हाउस त्सुम रिटर' त्या आगीतून वाचलं, म्हणून त्याच्यासमोर एवढी गर्दी असते. हायडेलबर्ग हे नाव कागदोपत्री पहिल्यांदा येतं ११९६ मध्ये. समोरच्या काठावरची नॉयेनहाइम आणि हांडशूसहाइम ही गावं मात्र ७६५ पासून नोंदलेली आहेत. त्याही आधी नॉयेनहाइमला रोमन सैन्याची छावणी होती आणि इ.स. २०० च्या सुमारास रोमनांनी नेकारवर दगडी खांबांचा पूल बांधला होता. त्याच्याही आधी केल्ट लोक वरच्या डोंगरावर तटबंदी घालून राहत होते. म्हणजे शहराचं खरं वय पलीकडे आहे, आणि पर्यटक त्या काठावर जातात ते बहुतेक फक्त या काठावरच्या किल्ल्याचा फोटो काढायला.

तर पहिला अख्खा दिवस हायलिगेनबर्गला द्या. हा जेमतेम ४४० मीटर उंचीचा, दाट जंगलाचा डोंगर. फिलोसोफेनवेग या उतारावरच्या पायवाटेवरून चालत जाता येतं, पण आईंना त्या वाटेने नेऊ नका. जुन्या पुलापासून वर जाणारा श्लांगेनवेग म्हणजे नुसत्या पायऱ्या आहेत, आणि नॉयेनहाइमच्या बाजूचा चढही दम काढतो. त्यापेक्षा हांडशूसहाइमहून गाडीने वर जा. जंगलातल्या उपाहारगृहाजवळ गाडी लावायची सोय आहे, आणि तिथून पुढे थोडंच चालावं लागतं.

वर गेल्यावर एकाच डोंगरावर चार काळ एकमेकांवर रचलेले दिसतात. केल्टांच्या दुहेरी तटाचे आता नुसते दगडांचे बांध उरलेत. कोणी दाखवले नाहीत तर ते पायाखालून निघून जातात, म्हणून माहितीफलक शोधत चला. माथ्यावर रोमनांनी मर्क्युरी देवाचं मंदिर बांधलं होतं. त्याच जागी पुढे ख्रिस्ती चर्च आलं आणि १०२३ मध्ये लोर्शच्या मठाधिपतींनी संत मिखाएलचा मठ स्थापन केला. त्या मठाच्या भिंती, दोन मनोरे आणि तळघरातली क्रिप्ट अजून आहे. १५०३ मध्ये इथला घंटाघराचा मनोरा कोसळून तीन साधू मेले आणि पुढे मठ ओसाड पडला. देवस्थान बदललं, देव बदलले, जागा मात्र तीच राहिली, हे आपल्या लोकांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाबांना देवळांच्या इतिहासात रस असेल तर इथे त्यांना निवांत बसू द्या.

मठापासून खाली उतरलात की थिंगश्टेटं लागतं. ग्रीक रंगमंडलासारखं उतारावर दगडी पायऱ्यांचं प्रचंड प्रेक्षागार, हजारोंच्या जमावासाठी बांधलेलं. नाझी राजवटीने ते १९३४-३५ मध्ये उभं केलं आणि जून १९३५ मध्ये प्रचारमंत्री गोबेल्सने त्याचं उद्घाटन केलं. जंगलात, तारांगणाखाली, गाणी आणि घोषणांच्या सामुदायिक सोहळ्यांतून माणसं एकजीव करायची, अशी त्यामागची कल्पना. थोड्याच काळात ती कल्पना सत्ताधाऱ्यांनीच सोडून दिली, कारण घराघरात पोचणारा रेडिओ त्या कामाला जास्त सोयीचा होता. आज तिथे पोरं धावतात, कोणी सतार-गिटार घेऊन बसतं, कोणी वरून खालपर्यंत पायऱ्या उतरून व्यायाम करतं. जागा देखणी आहे. म्हणूनच सोबतच्यांना आधी सांगा की ती कोणी आणि कशासाठी बांधली, आणि मग बसा. मी पाहुण्यांना खालच्या चौथऱ्यावर उभं करून हळू आवाजात बोलायला सांगते. सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत आवाज पोचतो. त्या बांधकामाचा हेतू मग शब्दांत सांगावा लागत नाही.

जवळच 'हाइडेनलोख' नावाचा पन्नास मीटरहून खोल खडकात खोदलेला उभा खड्डा आहे. विहीर, टाकं की आणखी काही, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तिथून दक्षिणेकडे उतरलं की संत श्टेफानच्या दुसऱ्या मठाचे अवशेष आणि त्याच मठाच्या दगडांतून १८८५ मध्ये बांधलेला टेहळणीचा मनोरा लागतो. जुन्या पुलाचं आणि किल्ल्याचं सर्वांत चांगलं दर्शन मला या मनोऱ्यावरून वाटतं. फिलोसोफेनवेगवरून किल्ला समोर दिसतो, इथून त्याच्यामागचा डोंगर आणि दरीचं वळणही दिसतं. पायऱ्या अरुंद आहेत, आईंना खालीच बसवा.

उतरताना हांडशूसहाइममध्ये थांबा. हे १९०३ पर्यंत स्वतंत्र गाव होतं आणि अजूनही तसंच वागतं. संत विटुसचं चर्च शहरातल्या चर्चमध्ये सर्वांत जुनं आहे, आणि पाण्याच्या खंदकाच्या जागी आता कोरडा खंदक असलेली 'टीफबुर्ग' ही छोटी गढी गावाच्या मधोमध उभी आहे. पश्चिमेला भाजीपाल्याची आणि फळझाडांची शेतं पसरलेली आहेत. आपल्या आई-बाबांच्या पिढीला युरोपातली शेती बघण्यात किल्ल्यापेक्षा जास्त रस असतो, हा माझा अनुभव. पाणी कसं देतात, प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली काय लावलंय, मजूर कुठून येतात, असे प्रश्न सुरू होतात आणि संध्याकाळ कशी जाते कळत नाही. परतीला हान्स-थोमा-प्लात्सवरून ट्राम मिळते.

नॉयेनहाइमच्या काठाने चाललात तर नॉयेनहाइमर लांडश्ट्रासंवर एका घराच्या भिंतीवर मोहम्मद इक्बाल १९०७ मध्ये इथे राहिल्याची पाटी आहे. 'सारे जहाँ से अच्छा' लिहून झाल्यावर दोन-तीन वर्षांनी तो इथे जर्मन शिकत होता, आणि नेकारकाठच्या शांत संध्याकाळीवर त्याने उर्दूत कविताही केली. नदीकाठच्या रस्त्याच्या एका भागाला शहराने त्याचं नाव दिलेलं आहे.

आता जुन्या भागाकडे. तिकडे जाऊच नका असं मी म्हणत नाही, फक्त लोक जिथे थबकत नाहीत तिथे थबका. हायलिगगाइस्ट चर्चमध्ये सगळे डोकावतात आणि दोन मिनिटांत बाहेर पडतात. या चर्चच्या पोटात १७०६ ते १९३६ अशी एक आडवी भिंत होती. एका बाजूला कॅथलिक, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट, एकाच छपराखाली दोन प्रार्थना. त्याआधी इथल्या सज्जांवर बिब्लिओटेका पालाटिना हे त्या काळातल्या युरोपातलं एक मोठं ग्रंथालय होतं. तीस वर्षांच्या युद्धात १६२२ मध्ये शहर पडलं, बव्हेरियाच्या माक्सिमिलियानने ते ग्रंथालय पोपला भेट दिलं, आणि पोथ्या खेचरांवर लादून आल्प्स ओलांडून रोमला गेल्या. त्यातली ८४७ जर्मन हस्तलिखितं १८१६ मध्ये परत आली, बहुतेक लॅटिन आणि ग्रीक पोथ्या व्हॅटिकनमध्येच राहिल्या. हल्ली त्या स्कॅन करून इंटरनेटवर पुन्हा एकत्र आणल्या आहेत.

त्याच चर्चमध्ये एक लालभडक काचेची खिडकी आहे, योहानेस श्रायटर यांनी केलेली. तिच्यावर आइनस्टाइनचं समीकरण आणि एक तारीख आहे: ६.८.१९४५. हिरोशिमाचा दिवस. विज्ञानाच्या विद्यापीठासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाने आपल्या मुख्य चर्चमध्ये ही खिडकी १९८४ मध्ये बसवली. बाहेर पडून हाउप्टश्ट्रासंवर पश्चिमेकडे चालत गेलात की 'हाउस त्सुम रीझेन' लागेल. या घरात बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी १८५९ च्या सुमारास वर्णपटाचं विश्लेषण शोधून काढलं. ताऱ्यांत कोणती मूलद्रव्यं आहेत हे पृथ्वीवर बसून सांगता येऊ लागलं ते त्यातूनच. शाळेत ज्या बुन्सेन बर्नरवर आपण परीक्षानळी धरली, तोच हा बुन्सेन. बाबा विज्ञानाचे असतील तर हाउप्टश्ट्रासंवरचं बाकी सगळं सोडून इथे दहा मिनिटं थांबा.

कुर्पफेल्त्सिशेस म्युझियममध्ये टिलमान रीमेनश्नायडरची १५०९ ची लाकडातली बारा प्रेषितांची वेदी आहे. लाकडात कोरलेल्या चेहऱ्यांवर जो थकवा आणि जी चिंता आहे ती बघत राहावी अशी. हे संग्रहालय भर रस्त्यावर असूनही आत जवळजवळ कोणी नसतं.

आणि आता मला सर्वांत जवळची जागा. बिस्मार्कप्लात्सच्या पश्चिमेला बेर्गहाइममध्ये जुन्या इस्पितळाच्या आवारात फोसश्ट्रासं २ हा पत्ता आहे. तिथे प्रिन्त्सहोर्न संग्रहालय आहे. हान्स प्रिन्त्सहोर्न या मनोविकारतज्ज्ञाने १९१९ ते १९२१ या काळात निरनिराळ्या मनोरुग्णालयांतून रुग्णांनी काढलेली चित्रं, पत्रं, शिल्पं, भरतकाम असं सुमारे पाच हजार वस्तूंचं भांडार जमवलं. तोवर या गोष्टी केस-पेपरच्या फाइलीत पडून राहत किंवा फेकल्या जात. त्याने त्यांच्याकडे कला म्हणून पाहिलं. पुढे नाझींनी यातलीच काही चित्रं 'विकृत कला' म्हणून हिणवायला प्रदर्शनात मांडली, आणि ज्यांनी ती काढली त्यांतल्या काहींना ठार मारलं. या संग्रहात आग्नेस रिख्टर या शिवणकाम करणाऱ्या बाईचं जाकीट आहे. रुग्णालयाच्या कापडातून तिने ते शिवलं आणि आतून-बाहेरून धाग्यांनी आपले शब्द त्यावर भरले. मांडणी बदलत असल्याने ते नेहमी दिसेलच असं नाही, पण जे काही मांडलेलं असेल ते पाहून माणूस गप्प होऊन बाहेर येतो. सोमवारी बंद असतं.

त्याच आवारात विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था आहे, १९६२ मध्ये स्थापन झालेली. मराठी माणसाने या दारावरून नुसतं पुढे जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. ग्युंटर-डीट्झ सोन्थायमर इथे शिकवत होते. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये आला. पश्चिम महाराष्ट्रातल्या धनगरांबरोबर त्यांनी पायपीट केली, त्यांच्या ओव्या टिपून घेतल्या, जेजुरीच्या खंडोबाचा माग दख्खनभर काढला. १९९२ मध्ये ते गेले. आपल्याकडच्या लोकदैवतांचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही त्यांच्या कामापासून सुरुवात करावी लागते, आणि ते काम नेकारकाठच्या या गावात बसून लिहिलं गेलं. संस्था ही काही पर्यटनस्थळ नाही, तिथे तिकीट काढून बघण्यासारखं काही मांडलेलं नाही. तरी जेजुरीला जाणारं घर असेल तर त्या दारासमोर उभं राहून आई-बाबांना ही गोष्ट नक्की सांगा. मी सांगते तेव्हा बहुतेकांना ती पहिल्यांदाच कळते.

संध्याकाळी उशिरा उजेड असेल तर बेर्गफ्रीडहोफला जा. हे १८४४ चं डोंगरउतारावरचं दफनस्थान आहे. बुन्सेन, समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर, संगीतकार फुर्टवेंग्लर आणि जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिख एबर्ट इथे आहेत. एबर्ट यांचा जन्मही याच शहराचा, पफाफेनगास्सं या गल्लीत, अगदी छोट्या खोल्यांच्या घरात. ते घर आता संग्रहालय आहे. १८९१ मध्ये इथे दहनगृह सुरू झालं, जर्मनीतल्या पहिल्या काहींपैकी एक. त्या काळात ख्रिस्ती समाजात दहनाला किती विरोध होता हे ठाऊक असलं की त्या इमारतीचं धाडस कळतं. काही ज्येष्ठांना स्मशानात फिरायला नेलेलं आवडत नाही, आधी विचारून घ्या. वाटा चढाच्या आहेत, पण डांबरी आहेत आणि जागोजागी बाक आहेत. २३ नंबरची ट्राम दारापर्यंत नेते.

शहराबाहेर जायचं तर नदीच्या वरच्या अंगाने जा. नेकारश्टाइनाख हे एस-बानचं, म्हणजे लोकल गाडीचं स्टेशन, हायडेलबर्गहून अर्ध्या तासाच्या आत. मोसमात बोटही जाते आणि आईंसाठी तीच उत्तम: बसल्या जागी दरी सरकत जाते, वाटेत बोट जलपाशात शिरते, मागचं दार बंद होतं आणि पाणी चढून बोट वर उचलली जाते. आपल्याकडे हे सहसा पाहायला मिळत नाही, मोठी माणसं लहान मुलांसारखी कठड्याशी येऊन उभी राहतात. नेकारश्टाइनाखला एका डोंगरसोंडेवर चार किल्ले ओळीने आहेत. दोन खासगी मालकीचे, बाहेरूनच बघायचे. हिंटरबुर्ग आणि कड्याला चिकटलेला 'श्वाल्बेननेस्ट', म्हणजे पाकोळीचं घरटं, हे दोन्ही उघडे आणि फुकट. वाट जंगलातली आहे, पावसानंतर निसरडी होते.

याच गावाच्या समोर, पलीकडच्या टेकडीवर डिल्सबेर्ग आहे. तटबंदीच्या आत अख्खं गाव वसलेलं. मला विचाराल तर या सगळ्या परिसरात एकच जागा निवडायची झाली तर मी डिल्सबेर्ग निवडेन. गडावर ४६ मीटर खोल विहीर आहे, आणि तिच्या तळाकडे डोंगराच्या पोटातून जाणारं एक भुयार आहे. मार्क ट्वेन १८७८ मध्ये हायडेलबर्गला राहिला होता, त्याने या विहिरीची आणि गुप्त वाटेची दंतकथा लिहिली. ती वाचून एका जर्मन-अमेरिकन माणसाने, फ्रित्स फॉन ब्रीझेनने, १९२६ मध्ये शोध घेतला आणि बुजलेलं भुयार मोकळं केलं. आज त्यातून चालत विहिरीपर्यंत जाता येतं आणि मान वर केली की गोल आकाश दिसतं. गडकिल्ल्यांवर पाण्याची टाकी शोधत फिरणाऱ्या मराठी माणसाला हे पाहून काय वाटतं ते मी अनेकदा बघितलंय. हिवाळ्यात भुयार बंद असतं, त्यामुळे वेळ आधी तपासा. नेकारगेम्युंडहून बस वरपर्यंत जाते. बाबांना चालायचं असेल तर नेकारश्टाइनाखच्या जलपाशावरून नदी ओलांडून जंगलातून चढता येतं. आई बसने, बाबा पायी, आणि भेट गडाच्या दारात, असं जमवा.

नेकारगेम्युंडहून एल्झेंट्स नदीच्या दरीत आणखी थोडं आत गेलं की माउअर नावाचं खेडं आहे. तिथल्या वाळूच्या खाणीत २१ ऑक्टोबर १९०७ रोजी डानिएल हार्टमान या कामगाराच्या फावड्याखाली मानवी खालचा जबडा आला. साधारण सहा लाख वर्षांपूर्वीचा. 'होमो हायडेलबर्गेन्सिस' ही जात त्यावरूनच ठरली. खाणीच्या जागी आता झाडी आणि माहितीफलक आहेत, बघायला फार काही नाही. वेळ असेल तरच जा.

नदीच्या खालच्या अंगाला लाडेनबुर्ग. रोमनांचं लोपोडुनुम. संत गालुसचं चर्च रोमन सभागृहाच्या पायावर उभं आहे आणि त्या भिंतींचे तळ चर्चभोवती उघडे ठेवलेत. मोटारीचा जनक कार्ल बेन्त्स आयुष्याची शेवटची वर्षं इथेच राहिला, १९२९ मध्ये इथेच वारला. त्याच्या जुन्या कारखान्यात आता मोटारींचं संग्रहालय आहे. गाव सपाट, बाक भरपूर, कॅफे शांत. आईंच्या गुडघ्यांसाठी यापेक्षा चांगला दिवस नाही. आणि तुम्ही वाल्डॉर्फला आहात म्हणून सांगते: शेजारच्या वीसलोखमधलं जुनं औषधांचं दुकान नक्की दाखवा. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेन्त्स नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून पफोर्त्सहाइमला निघाली, वाटेत इंधन संपत आलं तेव्हा तिने याच दुकानातून लिग्रोइन हे पेट्रोलसारखं द्रावक विकत घेतलं. दुकान बसने दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

श्वेट्सिंगेनच्या राजवाड्याची बाग प्रसिद्धच आहे, तिथे अठराव्या शतकात हौसेखातर बांधलेली मशिदीच्या आकाराची वास्तू बघा आणि पुढे व्हा. एप्रिल ते २४ जून या काळात येणार असाल तर तिथला पांढरा श्पार्गेल (अ‍ॅस्परॅगस) जरूर खा, उकडलेला, बटाटे आणि लोण्यासोबत. शाकाहारी माणसाला इथे मिळणाऱ्या ताटांत ते सर्वांत चांगलं आहे, फक्त मागवताना हॅम नको हे सांगा.

दिवस असे लावा. पहिला दिवस हायलिगेनबर्ग आणि हांडशूसहाइम, गाडीने. दुसरा जुना भाग आणि बेर्गहाइम, पण सोमवार टाळून. तिसरा बोटीने नेकारश्टाइनाख आणि बसने डिल्सबेर्ग, सकाळी लवकर निघून. लाडेनबुर्ग रविवारी ठेवा, कारण रविवारी दुकानं बंद असतात आणि तिथे दुकानांची गरज पडत नाही. ट्राम, बस आणि एस-बान सगळीकडे डॉइचलांड-तिकीट या देशभर चालणाऱ्या मासिक पासवर चालतं. बोटीचं तिकीट वेगळं काढावं लागतं. डिल्सबेर्गहून परतीची शेवटची बस किती वाजता आहे हे वर चढण्याआधीच थांब्यावर बघून ठेवा, शनिवार-रविवारी ती लवकर जाते. डबा सोबत घ्या. गडावर एखाद-दुसरं उपाहारगृह आहे, ते कधी उघडं असतं, कधी नसतं, आणि तटावर बसून दरीकडे बघत खाल्लेल्या पोळी-भाजीला वर कोणी काही म्हणत नाही.